खिडकीचे जास्तीचे पैसे

संपादकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, तुम्ही एवढ्या वेळा बोटीवर जाऊन आलात, दिवाळी अंकासाठी समुद्रावर काहीतरी लिहा." मी म्हटलं, समुद्रावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी खोल्यांवर लिहिते. समुद्र सगळ्यांना सारखाच मिळतो. भांडणं होतात ती खोलीवरून.

परभणीत स्टेशन रोडला आमचं प्रवासाचं ऑफिस आहे. तिथं पूर्वी वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्यानंतर भावांना त्यात रस नव्हता, म्हणून फळ्या उतरवून मी टेबल टाकलं. आधी रेल्वेची तिकिटं, मग तीर्थयात्रा, मग विमानं आणि गेली काही वर्षं क्रूझ. मुंबईहून निघून गोव्याला टेकणारं आणि लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत येणारं जहाज. हिवाळ्यात आमचा गट जातो आणि गटाबरोबर मी. आमच्या भागातल्या माणसाला समुद्र कुठूनही लांबच. त्यामुळे एकदा जायचं ठरलं की माणूस प्रश्न विचारून जीव खातो. शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, बोट लागली तर काय, मोबाइलला रेंज असते का. ही उत्तरं मी झोपेतसुद्धा देईन. अवघड प्रश्न एकच असतो: खोली कुठली घ्यायची, आणि जास्तीचे पैसे भरून वरच्या दर्जाची घ्यायची का.

ज्यांनी जहाज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सगळ्यात स्वस्त ती आतली खोली. ती जहाजाच्या पोटात असते, खिडकी नाही. पलंग, कपाट, न्हाणीघर सगळं चकाचक, पण दिवा मालवला की स्वतःचा हात दिसत नाही. त्याच्यावर खिडकीची खोली. काच पक्की बसवलेली असते, उघडत नाही. त्याच्यावर गॅलरीची. काचेचं दार सरकवलं की दोन खुर्च्या, कठडा आणि पुढं पाणीच पाणी. आणि सगळ्यात वर स्वीट, म्हणजे लग्नाच्या हॉलमधल्या वराच्या खोलीपेक्षाही मोठी.

आता गंमत पुढं आहे. जहाज निघायच्या आधी कंपनीला कळतं की वरच्या दर्जाच्या काही खोल्या रिकाम्या राहणार. मग ती आधी बुकिंग केलेल्या लोकांना निरोप धाडते: थोडे पैसे टाका, आतल्या खोलीतून गॅलरीत या. आकडा असा ठेवलेला असतो की माणसाचा हात खिशाकडं जावा. पण त्या निरोपात एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे नेमकी कुठली खोली. ती नाचाच्या हॉलखाली असू शकते. ती जहाजाच्या पुढच्या टोकाला, उंचावर असू शकते, जिथं लाटेचा हेलकावा सगळ्यात जास्त बसतो. सगळ्यात कमी हलते ती खालची, मधोमधची खोली, आणि ती बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असते. हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगते. म्हणून या धंद्यात मी थोडी बदनाम आहे. बाकीचे एजंट गिऱ्हाइकाला वर चढवतात, मी खाली उतरवते.

जिंतूरचे एक जिनिंगवाले शेठ होते. व्याह्यांनी गॅलरीची खोली घेतली म्हणून त्यांनी स्वीट घ्यायचं ठरवलं. मी विचारलं, "शेठ, तुम्ही खोलीत थांबणार का तरी?"

"थांबायचा सवालच न्हाई मॅडम. व्याही खाली अन् मी वर पाहिजे, बास."

स्वीट घेतला. आणि गोव्याला जाऊन येईपर्यंत शेठ सगळा वेळ व्याह्यांच्याच गॅलरीत पत्ते कुटत बसले, कारण पत्त्यांना चौथा भिडू तिथंच होता. परतीला मी विचारलं, "खोली कशी होती?" म्हणाले, "लय भारी असंल. बायकोला इचारा."

याच्या उलट एक नवं लग्न झालेलं जोडपं. "आम्ही काय खोलीत बसायला जाणार का," म्हणून त्यांनी आतली खोली घेतली. मीही पाठ थोपटली. खिडकी नसली की दिवस उजाडलेला कळत नाही, हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. गोव्याला गट उतरला, किल्ला बघून परत आला, तेव्हा ही दोघं जांभया देत विचारत होती, "गोवा कधी येणार?"

तेव्हापासून माझा प्रश्न ठरलेला आहे. खोलीत जागेपणी किती वेळ असणार? झोपल्यावर सगळ्या खोल्या सारख्या. जो दिवसभर बाहेर, त्याला फक्त बिछाना पाहिजे. त्यानं खिडकीचे पैसे वाचवावेत आणि त्यात लक्षद्वीपला काचेच्या तळाच्या नावेत बसून यावं. हा प्रश्न विचारला की बहुतेकांचा निकाल तिथल्या तिथं लागतो. माझा सल्ला फसला असं फारसं झालेलं नाही, आणि हे सांगताना मी लाजत नाही.

पण ज्या खोलीच्या निकालासाठी मला जिंतूरपर्यंत गाडी चालवत जावं लागलं, ती गोष्ट सांगायची आहे.

दिगंबरकाका येलदरी धरणाच्या वीजघरात नोकरीला होते. सारी नोकरी तिथंच, पाळ्यांमध्ये. निवृत्त झाल्यावर जिंतूरला घर बांधून राहिले. मुलगी नाशिकला बँकेत. तिनं आईवडिलांना जहाजाची सहल भेट दिली, पैसे माझ्याकडं भरले आणि म्हणाली, "खोली त्यांना विचारून ठरवा." म्हणून काका आणि कुसुमकाकू ऑफिसात आले. काका उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं ठाम. काकू लहानखुऱ्या. गुडघ्यांनी इतक्या बेजार की माझ्या ऑफिसच्या पायऱ्यासुद्धा भिंतीला धरून चढल्या.

"मॅडम, आमाला आतली खोली द्या," काका बसायच्या आधीच म्हणाले. "अन् जमलं तर इंजिनाच्या जवळची."

मला हसू आलं. लोक इंजिनापासून लांबची मागतात. "काका, आवाज येईल."

"आवाजासाठीच मागायलोय. मशीन चालू असली की माणूस बिनघोर झोपतो. बंद पडली की जाग येती."

"खरं हाय," काकू म्हणाल्या. "थंडीच्या दिवसांत कूलर लावतात अन् वरून रजई घेतात. घूं घूं आवाज पाहिजे अन् खोलीत अंधार पाहिजे. उजेडाची चीर दिसली तरी उठून बसतात."

माझं काम सोपं झालं. खालची, मधोमधची, बिनखिडकीची खोली. स्वस्तही आणि हलणारही नाही. मी खोली पक्की करत असताना काकूंनी एकच विचारलं, "त्या खोलीतून पाणी दिसतं का, लेकी?"

मी उत्तर द्यायच्या आत काका म्हणाले, "पाणी काय बघायचंय तुला? येलदरीत जल्म गेला तुझा!"

काकू गप्प बसल्या. चहा आला, तो पिऊन दोघं गेले.

जहाज निघायला काही आठवडे राहिले तेव्हा कंपनीचा निरोप आला. गॅलरीच्या खोल्या शिल्लक आहेत, अमुक पैसे भरा, दोन दिवसांत कळवा. असे निरोप मी प्रत्येकाला फोन करून सांगते, आणि त्यासोबत 'घेऊ नका' हेही सांगते. काकांना फोन केला. त्यांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "नको. अजिबात नको." माझ्या दृष्टीनं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या दारात कुसुमकाकू. एकट्या. जिंतूरहून एसटीनं आलेल्या. स्टँडपासून रिक्षा केली होती, तरी पायऱ्या चढून आल्या तेव्हा घामाघूम झाल्या होत्या. पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "काल तुमचा फोन आलता न्हवं? गॅलरीचं काय म्हणत होता?"

मी सगळं समजावून सांगितलं. आणि सवयीनं शेवटी तेच म्हटलं, की काकांचं बरोबर आहे, उगीच पैसे कशाला.

"पैसे माझे हायेत," काकू म्हणाल्या. "शिवणकामाचे. त्येंना मागायचे न्हाईत." मग पेला बाजूला ठेवला. "येलदरीत जल्म गेला म्हणले न्हवं ते? गेला, खरं हाय. पर धरणाची भिंत वर अन् आमचं क्वार्टर खाली. पाणी भिंतीच्या पल्याड. दारात उभं राहिलं की भिंतच दिसायची. अन् घरात तर दिवसाबी अंधार."

"अंधार कशामुळे?"

"पाळीची नोकरी ना. रातभर जागून यायचे, दिवसा झोपायचे. उजेडानं झोप मोडायची. म्हणून मी खिडक्यांना पोती ठोकली होती. आत पोती, त्याच्यावर चादर. लेकरांना हसू द्यायचं न्हाई, भांडं वाजू द्यायचं न्हाई. शिवणाची मशीन दारात वसरीला नेली, तर तिथंबी आवाज नको म्हणून हातशिलाईच करायची. त्येंची चूक न्हाई, लेकी. जागून आलेल्या माणसानं झोपावं न्हाई तर काय करावं? मी कदी बोलले न्हाई. आताबी बोलत न्हाई. पर तुमी म्हणता तसं लोक वर मोकळ्यावर जाऊन बसतील. माझे गुडघे तुमी बघितले. मी खोलीतच राहणार. अन् तिथंबी अंधारातच बसायचं असंल तर मी घरीच बरी हाय की."

मी आजवर शेकडो लोकांना माझा तो प्रश्न विचारला असेल. इतकं सरळ उत्तर कुणी दिलं नव्हतं. खोलीत जागेपणी किती वेळ? सगळा वेळ. या बाईला गॅलरी पाहिजेच होती. यात सल्ल्याचा प्रश्नच उरला नव्हता.

"मग घेऊन टाकू," मी म्हटलं. "झोपताना काका पडदा ओढून घेतील."

"ते दिवसाबी ओढतील. तिथं काय, दुपारी झोपतील, जेवून झोपतील. मंग गॅलरी कशाला घ्यायची?"

तेही खरंच होतं. आणि गॅलरीची खोली वरच्या मजल्यावर, इंजिनाचा आवाज तिथं नाही. म्हणजे काका जागे आणि काकू पडद्यामागं, दोघांचंही वाटोळं, तेही जास्तीचे पैसे भरून. मी गालाला पेन लावून बसले. धंद्यात असे क्षण मला आवडतात, खोटं का बोलू.

त्याच गटात पेडगावच्या मंगलबाई होत्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, एकट्याच निघालेल्या. जहाजावर एकट्या माणसाची फार पिळवणूक होते. खोली दोघांची धरलेली असते, त्यामुळे एकटा माणूस जवळजवळ दोघांचे पैसे भरतो. मंगलबाईंनी आतल्या खोलीचे असे पैसे भरलेले होते. त्या काकूंसोबत गॅलरीच्या खोलीत गेल्या तर त्यांचा एकटेपणाचा दंड वाचतो, आणि त्यात गॅलरीचा त्यांचा वाटा निघतो. काका खाली एकटे राहिले तर त्यांच्या खोलीचे पैसे वाढतात. म्हणजे खर्च वाढणार तो काकूंच्याच बाजूनं, पण त्या शिवणकामाच्या पैशांतून तो निभत होता. मी काकूंसमोरच मंगलबाईंना फोन लावला.

"मला चालेल की," मंगलबाई म्हणाल्या. "फक्त त्यांना विचारा, घोरण्याचा त्रास होतो का."

"काकू घोरतात की नाही मला माहीत नाही."

"त्यांचं नाही हो, माझं. मी घोरते."

काकू खळखळून हसल्या. "घोरू द्या. घोरण्याची सवय हाय मला." मग एकदम चेहरा उतरला. "पर त्येंना कोण सांगणार?"

"तुम्ही."

"मी न्हाई. तुमी."

शेवटी मी गाडी काढली आणि काकूंना घेऊन जिंतूरला गेले. काका ओट्यावरच उभे होते. बायको न सांगता परभणीला गेली याचा राग, ती परत आली याचा आनंद आणि सोबत मी का आहे याचं कोडं, हे सगळं तोंडावर एकदम दिसत होतं. मी बसले आणि सरळ सांगितलं.

"म्हंजे नवरा खाली अन् बायको वर?" काका म्हणाले. "मॅडम, तुमच्या गटात सगळी आपल्याच जिल्ह्याची माणसं. लोक काय म्हणतील? हेंचं भांडण झालंय म्हणतील. या वयात येगळे राहायलेत म्हणतील."

"काका, तुम्हाला अंधार पाहिजे, काकूंना उजेड. एका खोलीत दोन्ही मिळत नाही. मिळत असतं तर मीच दिली असती."

"मंग मी येत न्हाई."

यावर काकू म्हणतील 'जाऊ द्या मग', असं मला वाटलं, आणि काकांनाही तसंच वाटलं असणार. काकू आतून पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. तो त्यांनी माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाल्या, "नका येऊ. मी अन् मंगलबाई जातो."

आवाज चढलेला नव्हता. उद्या पोहे करणार आहे, असं सांगावं तसं सांगितलं. काकांनी काकूंकडं एकदा बघितलं. मग उठले, आतल्या खोलीत गेले आणि बाहेर गारठा असताना त्यांनी कूलर चालू केला. त्या आवाजात आमचं कुणाचंच बोलणं पुढं गेलं नाही. मी निघाले. काकू फाटकापर्यंत आल्या. "तुमी कळवून टाका कंपनीवाल्यांना," म्हणाल्या. "गॅलरी घेतली म्हणून."

"काकांचं काय करू?"

"त्येंचं ते बघतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला उत्तर द्यायचं होतं. मी लिंगपूजा आटोपून उठतेय तोवर फोन वाजला. काका होते. नमस्कार नाही, काही नाही. "मॅडम, माझी खोली सगळ्यात खालच्या मजल्यावरच हाय न्हवं? बदलू नका." एवढंच बोलून ठेवला. हाच त्यांचा होकार.

गॅलरीची खोली मिळाली ती नेमकी मला भीती होती तिथंच: वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला. मी काकूंना आधी सांगितलं, ही खोली हलेल.

"पाळण्यासारखी?"

"साधारण तशीच."

"हालू द्या."

मुंबईला जहाजावर चढलो त्या दिवशी मी आधी काकांना त्यांच्या खोलीत सोडलं. त्यांनी दिवा लावला, मालवला, परत लावला. मग भिंतीला तळहात टेकवून उभे राहिले. जहाज अजून धक्क्याला होतं, पण आतली यंत्रं चालू होती. "बेस हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेला पहिला चांगला शब्द.

नंतर वर गेले. मंगलबाई बॅग उघडून कपडे लावत होत्या. काकू गॅलरीत कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभ्या. जहाज धक्क्यापासून सुटलं, बंदरातल्या बोटी मागं गेल्या आणि हळूहळू चहूकडं पाणीच राहिलं. काकू वळून म्हणाल्या, "ह्येला कुणीच अडवलेलं न्हाई?"

मंगलबाई शिक्षिकाच. त्या लगेच सांगायला लागल्या की हा अरबी समुद्र, पलीकडं ओमान... आणि काकूंकडं बघून मधेच थांबल्या. मग एक खुर्ची पुढं ओढली आणि काकूंना म्हणाल्या, "बसा. आता हे कुठं जात नाही."

गटाला सगळं कळायला पहिलं जेवण पुरेसं होतं. काकांना ज्याची धास्ती होती ते झालंच, पण वेगळ्या तऱ्हेनं झालं. काकूंना जेवणाच्या हॉलपर्यंत न्यायला आधार लागायचा, म्हणून काका रोज सकाळी लिफ्टनं वर जायचे. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून. वरच्या दाराची चावी त्यांच्याकडं नव्हती. त्यामुळे दार वाजवून बाहेर उभं राहायचं, काकूंचं आवरेपर्यंत. येणारेजाणारे आमचेच लोक. एकानं विचारलंच, "काय काका, मुलगी बघायला आलाव का?"

काका म्हणाले, "बघून झालीया. पसंत हाय. तिच्याकडून निरोप यायचाय." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर चिडवायला कुणाला मजा राहिली नाही.

लक्षद्वीपहून परतताना एक दिवस समुद्र उफाळला. वादळ वगैरे नव्हतं, आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, पण दूर कुठंतरी काही झालं असेल त्याच्या लांबलचक लाटा येत होत्या. अशा दिवशी पुढच्या टोकाची उंच खोली किती वरखाली होते ते सांगून कळणार नाही. गटातले निम्मे आडवे झाले. मी गोळ्या, आलं आणि स्वयंपाकघरातून मागून घेतलेली हिरवी सफरचंदं घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत होते. बोट लागल्यावर सफरचंदानं जरा बरं वाटतं. मनात मात्र एकच विचार होता: त्या वरच्या खोलीत दोघींचं काय झालं असेल. खोली मी दिली होती.

दार काकांनीच उघडलं. रोजच्यासारखे काकूंना न्याहारीला न्यायला ते वर आले होते. मंगलबाई पलंगावर डोळे मिटून, चेहरा पांढराफटक. "मॅडम, मला खाली कुठंतरी टाका," म्हणाल्या. काकू मात्र गॅलरीत खुर्चीवर ताठ. त्यांना काहीही झालं नव्हतं. ज्याची नजर लांबच्या रेषेवर असते त्याला बोट कमी लागते. काकूंची नजर तिथून हललेलीच नव्हती.

काका म्हणाले, "दोघी चला माझ्या खोलीत. तिथं पेल्यातलं पाणीबी हालत न्हाई."

"मंगलबाईंना घेऊन जावा," काकू म्हणाल्या. "मी हितंच बरी हाय."

काकांनी मंगलबाईंना हाताला धरून खाली नेलं, स्वतःच्या पलंगावर झोपवलं, दिवा मालवून दार ओढून घेतलं. आता त्यांना स्वतःला जायला खोली नव्हती. ते परत वर आले. मी दारातच होते. दोन्ही हातांनी भिंत धरत गॅलरीपर्यंत गेले, दुसऱ्या खुर्चीवर बसले आणि कठड्याची नळी घट्ट पकडली. आयुष्यभर पाण्याच्या जोरावर वीज करणारा माणूस, पण उघड्या पाण्याची त्यांना भीती वाटत होती. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, त्यांची बोटं सांगत होती. काकूंनी त्यांच्याकडं न बघता म्हटलं, "खाली बघू नका. लांब बघा."

मी निघून गेले. बाकीच्यांचं बघून, जेवणं उरकून परत आले तेव्हा लाटा कमी झाल्या होत्या. खोलीचं दार अर्धं उघडंच होतं. आत गेले तर काका गॅलरीतल्या खुर्चीत झोपलेले. मान मागं, तोंड उघडं, सगळं ऊन चेहऱ्यावर. पडदा नाही, अंधार नाही, यंत्राचा आवाज नाही. काकू शेजारी बसून सफरचंद खात होत्या.

मी पावलं न वाजवता आत गेले आणि कुजबुजले, "उठवायचं का? जेवायचं राहिलंय त्यांचं."

"हळू कामून बोलायलात?" काकू नेहमीच्या, मोकळ्या आवाजात म्हणाल्या. "बोला की मोठ्यानं. उठायचं असलं तर उठतील."

काका उठले नाहीत. आम्ही दोघी त्यांच्या डोक्याशी बसून चांगल्या गप्पा मारल्या, हसलोसुद्धा. मंगलबाई दुपारी टवटवीत होऊन वर आल्या आणि म्हणाल्या की इतकी गाढ झोप त्यांना नोकरी सुटल्यापासून लागली नव्हती.

परतल्यावर मुलीचा नाशिकहून फोन आला. आईनं स्वतःचे पैसे घातले हे तिला नंतर कळलं होतं. तिनं मला व्यवहाराचाच प्रश्न विचारला, "ताई, खरं सांगा, तेवढे पैसे वसूल झाले का?" मी म्हटलं, मी हा धंदा सुरू केल्यापासून ज्यांना ज्यांना वरची खोली विकली, त्या सगळ्यांत सगळ्यात जास्त वसुली तुझ्या आईची. याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही. उजाडल्यापासून मावळेपर्यंत त्या खोलीचा एक क्षण तिनं फुकट घालवला नाही.

आता बहुतेक तरुण मोबाइलवरच खोल्या घेतात. तिथं चित्रं सुंदर असतात आणि 'घेऊ नका' म्हणणारं कुणी नसतं. याची खंत आहे थोडी. आणखी एक खंत स्वतःपुरती: गट नेणाऱ्याला कंपनी आतलीच खोली देते, त्यामुळे इतक्या सफरी करून गॅलरीत बसून चहा काही मी अजून प्यायले नाही. पण ऑफिसात जोडपं आलं की खोलीचा प्रश्न मी आता दोघांनाही वेगवेगळा विचारते, आणि गप्प बसलेल्या माणसाला आधी.

यंदा काकूंच्या मुलीनं पुन्हा सहल दिली आहे, या वेळी सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज. पासपोर्ट आले. मी खोल्यांचं बघत होते तेव्हा काकांचा फोन आला.

"मॅडम, मागल्यासारखंच करा. मी आत, ही अन् मंगलबाई गॅलरीत."

"अपग्रेडचा निरोप आला तर काका? तुम्हालाही वर..."

"छ्या. मला झोप लागत न्हाई तिकडं." मग म्हणाले, "पर एक इचारायचं होतं. त्या मोठ्या बोटीत बोळाच्या एका अंगाला गॅलरीच्या खोल्या अन् दुसऱ्या अंगाला आतल्या असतात म्हणं. असतात का?"

"असतात."

"मंग समोरासमोर भेटतील का बघा. लागतील ते जास्तीचे पैसे मी भरतो. दार उघडलं की ही दिसली पाहिजे."

समोरासमोरच्या खोल्यांचे कंपनी जास्तीचे पैसे घेत नाही, पण त्या मिळवायला फार भांडावं लागतं. मी खुर्ची पुढं ओढली आणि कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला फोन लावला.